प्रत्युत्तराची तलवार : ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या संगणकीय खेळातील वक्रोक्ती आणि वाचकव्यापार

१

संगणकावरील खेळांना साहित्याभ्यासात स्थान असावे की नसावे, या वादात दोन्ही पक्ष बहुधा एकाच गृहीतकावर उभे असतात. खेळाला कथानक असते, म्हणून तो कथात्म साहित्याचाच एक प्रकार मानावा, असे एक पक्ष म्हणतो. ते कथानक सामान्य वकुबाचे असते, म्हणून मानू नये, असे दुसरा. कसोटी दोघांचीही कथानकाचीच. या कसोटीवर ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) हा समुद्री चाच्यांच्या साहसाचा खेळ घासून पाहिला, तर दुसऱ्या पक्षाचा विजय ठरलेला आहे. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भाबडा तरुण कॅरिबियन समुद्रातील मेले नावाच्या काल्पनिक बेटावर येतो. त्याला चाचा व्हायचे असते. त्यासाठी तीन परीक्षा देता देता तो बेटाच्या गव्हर्नरच्या, एलेन मार्लीच्या, प्रेमात पडतो. लेचक हा मृत चाच्याचा पिशाच्चरूप कप्तान तिला पळवून नेतो आणि नायक तिला सोडवायला निघतो. एवढ्या ऐवजावर कोणी समीक्षा लिहू नये हे खरेच.

मात्र या खेळात एक प्रसंगमालिका अशी आहे की जिथे भाषा ही कृतीचे वर्णन करीत नाही, तीच कृती असते. आणि ती कृती तडीस जाण्यासाठी खेळणाऱ्याला वाक्याचा अर्थ लागावा लागतो. अर्थ न लागल्यास खेळ पुढे सरकत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने या खेळाकडे वळावे, ते या कारणासाठी. कथानकासाठी वळण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात या प्रसंगमालिकेचा विचार संस्कृत साहित्यशास्त्रातील वक्रोक्ती या अलंकाराच्या आधारे केला आहे. परक्या संहितेवर आपली परिभाषा लादण्याचा आरोप होऊ शकतो, याची जाणीव ठेवूनही असे म्हणावे लागते की येथे ती परिभाषा लादावी लागत नाही. वस्तूच तिची मागणी करते.

२

हा खेळ लुकासफिल्म गेम्स या अमेरिकी संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केला. रॉन गिल्बर्ट हे त्याचे मुख्य रचनाकार. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे त्यांचे सहलेखक. डिस्नेलँडमधील चाच्यांची जलसफर आणि टिम पॉवर्स यांची १९८७ ची ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ ही कादंबरी, या आपल्या दोन प्रेरणा असल्याचे गिल्बर्ट यांनी सांगितले आहे. म्हणजे मुळातच हे प्रत्यक्ष इतिहासाचे अनुकरण नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसून पाहिलेल्या चाच्यांचे हे अनुकरण आहे. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) पासून रूढ झालेले नकाशे, पुरलेले धन, लाकडी पाय यांचे संकेत येथे विडंबनाच्या पातळीवर वापरले आहेत. या बेटावरचे चाचे समुद्रावर जातच नाहीत; लेचकच्या भयाने ते दारूच्या गुत्त्यात बसून असतात आणि नवागतांच्या परीक्षा घेतात. विद्यापीठीय वाचकाला हे चित्र अगदीच अपरिचित वाटू नये.

मराठी वाचकाला ‘चाचा’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे लागते, याची नोंद केली पाहिजे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांना इंग्रजांनी हाच शब्द लावला, आणि २००७ मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागात चाच्यांच्या सरदारांमध्ये आंग्रे या नावावरून बेतलेले एक पात्र बसवलेले दिसले. कोणी कोणाला चाचा म्हणावे हा सत्तेचा प्रश्न असतो. ‘मंकी आयलंड’ने तो प्रश्न टाळला आहे, त्याचे चाचे कोणत्याच राज्याचे शत्रू नाहीत. ही त्याची मर्यादा आहे, पण हिंसेऐवजी वाणीकडे जाण्याची मोकळीकही त्याला याच मर्यादेतून मिळाली.

खेळाची भाषिक घडण समजून घेणे आवश्यक आहे. पडद्याच्या वरच्या भागात दृश्य आणि खालच्या भागात क्रियापदांची यादी असते : दे, उचल, वापर, उघड, पाहा, ढकल, बंद कर, बोल, ओढ अशा अर्थाची. पहिल्या आवृत्तीत ही क्रियापदे बारा होती, पुढे नऊ झाली. खेळणारा क्रियापद आणि पडद्यावरील वस्तू यांची जोडी लावतो आणि त्यांचे एक आज्ञार्थी वाक्य तयार होते. संवादाच्या वेळी ही यादी नाहीशी होऊन तिच्या जागी नायकाने बोलावयाची पूर्ण वाक्ये येतात. त्यांतून एक निवडायचे असते. थोडक्यात, खेळणारा नायकाला हातांनी चालवत नाही, वाक्यांनी चालवतो. एस्पन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात, ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला पान उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात अशा संहितांचा एक वर्ग कल्पिला आणि ‘डेडलाइन’ (१९८२) या केवळ शब्दांवर चालणाऱ्या खेळाची चिकित्सा त्यात केली. आर्सेथ यांचा भर श्रमावर आहे. ते श्रम कोणत्या जातीचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक खेळापुरता वेगळा विचारावा लागतो. कुलूप उघडण्याचे श्रम आणि वाक्य उलगडण्याचे श्रम सारखे नसतात.

३

तीन परीक्षांपैकी एक तलवारबाजीची. बेटावरील सर्वश्रेष्ठ तलवारपटूला हरवायचे असते; ही तलवारपटू कार्ला नावाची स्त्री आहे. नायक आधी कॅप्टन स्मर्क या शिक्षकाकडे जातो. स्मर्क त्याला एका यंत्रासमोर उभे करून हात फिरवायला शिकवतो आणि मग खरे गुपित सांगतो : तलवारीची लढाई हाताने जिंकली जात नाही, ती जिभेने जिंकली जाते. जुन्या साहसपटांत तलवारी भिडलेल्या असताना नायक-खलनायक एकमेकांना टोमणे मारीत राहतात, या निरीक्षणातून ही कल्पना सुचल्याचे तिच्या कर्त्यांनी सांगितले आहे. चित्रपटात टोमणा हा लढाईचा अलंकार असतो. येथे लढाईच टोमण्याचा अलंकार झाली आहे.

लढाई अशी चालते. बेटाच्या वाटांवर चाचे हिंडत असतात. नायक एखाद्याला आव्हान देतो. एकजण अपमानाचे वाक्य उच्चारतो, दुसऱ्याने त्याला चपखल प्रत्युत्तर द्यायचे. उत्तर बसले तर उत्तर देणाऱ्याची सरशी होते आणि पुढचा अपमान करण्याचा हक्क त्याच्याकडे जातो. न बसले तर त्याला माघार घ्यावी लागते. वेगाला, नेमबाजीला, हाताच्या चापल्याला यात काडीचे स्थान नाही. खेळणारा हवा तेवढा वेळ विचार करू शकतो.

आरंभी नायकापाशी एखाद-दुसरा फुसका टोमणा आणि तितकीच फुसकी उत्तरे असतात. तो हरतो. पण प्रतिस्पर्ध्याने वापरलेला प्रत्येक नवा अपमान त्याच्या संग्रहात जमा होतो. पुढच्या चाच्यावर तो अपमान वापरला आणि त्या चाच्याला उत्तर ठाऊक असले, तर ते उत्तरही जमा होते. त्यामुळे उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच : आपला अपमान परतवला जाईल अशी इच्छा धरून तो करणे. कोणी निरुत्तर झाला तर लढाई जिंकता येते, शिकता काहीच येत नाही. गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये साहसी खेळांच्या दोषांवर एक निबंध लिहिला होता. मरून-मरून शिकायला लावणाऱ्या रचनेवर त्यात टीका होती. त्यांच्या या खेळात पराभवाला दंड नाही, उलट तो विद्येचा एकमेव स्रोत आहे. नायकाला मृत्यूही जवळपास नाहीच. तो पाण्याखाली दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी बढाई मारतो, आणि खेळणारा एके ठिकाणी त्याहून अधिक वेळ स्वस्थ बसून राहिला तरच तो मरतो.

वाक्यांच्या या देवघेवीचे रूप कसे आहे? एका जोडीत प्रतिस्पर्धी हिणवतो की नायक गुरे राखून दूध काढणाऱ्यासारखा लढतो. उत्तर येते की हे योग्यच आहे, कारण समोरचा गायीसारखा लढतो. दुसरीत प्रतिस्पर्धी सांगतो की त्याची तलवार लवकरच नायकाच्या अंगात कबाबाच्या सळईसारखी असेल. उत्तर असे की त्यासाठी आधी ती पिसांच्या झाडूसारखी फिरवणे थांबवावे लागेल. तिसरीत आपल्या रुमालाने नायकाचे रक्त पुसण्याची धमकी आहे, आणि उत्तरात प्रतिस्पर्ध्याला झाडलोटीची नोकरी अखेर मिळाली म्हणायची, असा टोला.

४

वक्त्याच्या वाक्याचा त्याने न योजिलेला अर्थ घेऊन दुसऱ्याने उत्तर देणे, यालाच अलंकारशास्त्रात वक्रोक्ती म्हटले आहे. भामह आणि पुढे कुंतक यांच्या विवेचनात हा शब्द फार व्यापक अर्थाने येतो. येथे अभिप्रेत आहे ती रुद्रटाने विशिष्ट अलंकार म्हणून सांगितलेली आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त स्वीकारलेली, श्लेषाने किंवा काकूने साधणारी वक्रोक्ती. तिचे वैशिष्ट्य असे की ती एकट्याने बोलता येत नाही. उपमेला एक वक्ता पुरतो, वक्रोक्तीला दोन लागतात. नवव्या शतकातील काश्मिरी कवी रत्नाकराच्या ‘वक्रोक्तिपंचाशिके’त ते दोघे शिव आणि पार्वती आहेत : एकाचे बोलणे दुसऱ्याने दर श्लोकात वळवायचे. मराठीतही या कलेची परंपरा मोठी आहे. तमाशातील गवळणीत मावशी आणि पेंद्या यांच्या बोलण्यातला विनोद बराचसा ऐकलेले वाकवण्याचाच असतो. आणि कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत तर शक्ती श्रेष्ठ की शिव, या निमित्ताने दोन फड रात्र जागवीत.

या परंपरेशी तुलना केली असता खेळाचे वेगळेपण उघड होते. शाहिराला जबाब तत्काळ सुचावा लागतो आणि श्रोत्यांसमोर त्याची शोभा किंवा फजिती होते. खेळणाऱ्याला सुचावे लागत नाही, निवडावे लागते. श्रोते तर नाहीतच. या मोजमापाने खेळ दुय्यम ठरतो. परंतु त्याने एक गोष्ट अशी केली आहे की जिला शाहिरीत किंवा अलंकारग्रंथांत थेट समांतर सापडत नाही. ती म्हणजे कार्लाशी होणारी लढाई.

वाटेवरच्या चाच्यांना हरवता हरवता पंधरा-सोळा जोड्या पाठ होतात. अमुक सवालाला तमुक जबाब. एवढी शिदोरी झाल्यावर चाचेच नायकाला कार्लाशी लढण्यायोग्य ठरवतात. खेळणारा तिच्यासमोर उभा राहतो आणि ती असा अपमान करते की जो त्याने पूर्वी ऐकलेला नाही. पुढचाही नवा. तिच्या अपमानांतला एकही त्याच्या संग्रहात नसतो. समोरच्या यादीत मात्र जुनीच उत्तरे असतात, कारण नवे उत्तर मिळण्याची सोय आता संपलेली आहे. त्या जुन्या उत्तरांपैकीच एक या नव्या वाक्याला बसते. कोणते, हे पाठांतराने कळत नाही. उत्तराला त्याच्या पहिल्या सवालापासून सुटे करून, त्यात नेमके काय म्हटले आहे हे पुन्हा एकदा वाचावे लागते. प्रश्नपत्रिकेत प्रश्न फिरवून आला की मार्गदर्शिका पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याची जी अवस्था होते, ती येथे बहुतेक खेळणाऱ्यांची पहिल्या खेपेस होते.

वर दिलेल्या तीन जोड्यांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. कार्ला नायकाच्या शरीरातून रक्ताचा थेंबन् थेंब काढण्याची धमकी देते, आणि त्यासाठी जे इंग्रजी क्रियापद योजते त्याचा मूळ अर्थ दूध काढणे असा आहे. लाक्षणिक अर्थाने आलेले क्रियापद वाच्यार्थाने घेतले की गायीचे उत्तर पुन्हा जिवंत होते. फक्त या वेळी ते ‘दूध काढणारा’ या नामाला बिलगत नाही, क्रियापदाला बिलगते. बेटाच्या प्रत्येक घाणेरड्या कोपऱ्यात आपल्या नावाचा धाक आहे, असे ती म्हणते. ‘घाणेरडा’ हे विशेषण तिने नैतिक अर्थाने योजलेले. ते शब्दशः घेतल्यास झाडलोटीच्या नोकरीचे उत्तर नेमके लागू पडते.

तिसरे उदाहरण सर्वांत सूक्ष्म आहे. आपली जीभ कोणत्याही तलवारीहून धारदार असल्याचे कार्ला सांगते, आणि झाडूसारखे फिरवणे थांबवण्याचे उत्तर तिला लागू होते. उत्तरातले एकही अक्षर बदललेले नाही. बदलला आहे तो त्यातल्या सर्वनामाचा निर्देश. पूर्वी ते तलवारीकडे बोट दाखवीत होते, आता जिभेकडे दाखवते. येथे श्लेष नामात नाही, सर्वनामात आहे. अलंकारग्रंथांतील श्लेषाची उदाहरणे बहुधा नामांची आणि सभंग पदांची असतात; सर्वनामाच्या रिकामेपणावर उभा राहिलेला असा श्लेष त्या मानाने विरळा. एकच उच्चार दोन संदर्भांत दोन अर्थ देतो, हा सिद्धांत वर्गात अनेकदा सांगितला जातो. येथे तो सांगितलेला नाही. तो लागू करावा लागतो, नाहीतर कार्ला नायकाला पुन्हा वाटेला लावते.

हे मराठीत आणायचे ठरल्यास काय होईल, हा विचार निव्वळ कुतूहलाचा नाही. वक्रोक्तीचा आधार कोणत्या भाषेत कोठे असतो हे त्यातून दिसते. तलवार आणि जीभ हे दोन्ही शब्द मराठीत स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ती’, ‘तिला’ या रूपांनी सर्वनामाचा खेळ जसाच्या तसा उतरतो. जर्मन भाषेत तलवारीचा शब्द नपुंसकलिंगी आणि जिभेचा स्त्रीलिंगी. तेथे हाच खेळ सर्वनामापाशी अडखळेल. रक्ताच्या धमकीतही मराठी नशीबवान आहे. ग्रामीण बोलीत गाय-म्हैस ‘पिळतात’, आणि रक्तही पिळून काढता येते. अडचण येते ती वरकरणी सोप्या दिसणाऱ्या पहिल्या जोडीत. नायकाला गवळी म्हटले तर मराठी कानाला त्यात अपमान ऐकूच येत नाही. गोकुळ उभे राहते. अपमानाचा जोर शब्दकोशात नसतो, तो त्या भाषेच्या समाजजीवनात असतो. त्यामुळे भाषांतरकाराला गवळी सोडून देऊन गाय राखावी लागेल, आणि मग जोडीचे दोन्ही सांधे, आधीचा आणि कार्लाचा, नव्याने बसवावे लागतील.

५

या रचनेच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. खेळणाऱ्याला स्वतःचे उत्तर रचता येत नाही. प्रत्येक सवालाला खेळाने एकच उत्तर ग्राह्य धरले आहे. एखाद्याला दुसरे उत्तर अधिक मार्मिक वाटले तरी त्याची दाद लागत नाही. सहृदयाच्या प्रतिभेला येथे वाव नाही, फक्त त्याच्या व्युत्पत्तीची परीक्षा आहे, असे म्हणता येईल. शिवाय सर्वच जोड्या वक्रोक्तीच्या मोलाच्या नाहीत. काहींत शब्दाचे वळण नाही, केवळ ‘तूच तसा’ एवढाच परतावा आहे. शाळेच्या आवारातल्या भांडणाहून त्यांची पातळी वर जात नाही.

मालिकेच्या तिसऱ्या खेळात, १९९७ च्या ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’मध्ये, समुद्रावरील लढायांसाठी हीच युक्ती पुन्हा वापरली गेली आणि तीत यमकाची अट घातली गेली : उत्तर सवालाशी जुळणाऱ्या यमकाचे हवे. ऐकायला हे अधिक काव्यात्म वाटते. वस्तुतः त्यामुळे परीक्षा सोपी झाली आहे. यमक कानाला कळते, त्यासाठी अर्थात शिरावे लागत नाही; यादीतील कोणत्या ओळीचा शेवट जुळतो एवढे पाहिले की काम भागते. शब्दालंकाराने अर्थव्यापाराची जागा घेतली की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण एकाच मालिकेत मिळणे ही अभ्यासकाची सोयच म्हणायची.

कार्ला हरल्यावर विजयाचा पुरावा म्हणून नायकाला एक सुती टी-शर्ट देते. पदव्यांविषयीचा हा शेरा कोणी मनावर घ्यावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. महत्त्वाचे आहे ते वेगळे. बेटावरच्या प्रत्येक तलवारीला निरुत्तर करू शकणाऱ्या या नायकाची वाणी एका ठिकाणी पूर्ण बंद पडते. चोरीच्या परीक्षेसाठी तो गव्हर्नरच्या वाड्यात शिरतो. भिंतीला भगदाड पडते आणि तो पलीकडे जातो. झटापट पडद्याआड चालते, आणि तळाच्या ओळीत आज्ञार्थी वाक्ये खेळणाऱ्याला न विचारता आपोआप उमटत राहतात. ज्या व्याकरणाच्या बळावर खेळणारा कर्ता होता ते व्याकरण त्याच्या हातून काढून घेतलेले असते. तो आता केवळ वाचक उरतो. त्यानंतर एलेन समोर येते, आणि खेळणाऱ्याने काहीही निवडले तरी नायकाच्या तोंडून धड शब्द फुटत नाही.

तलवारबाजीत शिकलेले एकही वाक्य येथे कामाचे नाही, कारण एलेनने त्याचा अपमान केलेला नाही. वक्रोक्तीला आधी दुसऱ्याचे वाक्य लागते. जिथे पहिले वाक्य स्वतः बोलायचे असते तिथे ती मुकी आहे. अखेरीस लेचकशी तिचा विवाह लागत असताना नायक चर्चमध्ये घुसतो आणि तो थांबवतो. तेव्हा कळते की वधूच्या वेशात दोन माकडे होती, एलेनने स्वतःच्या सुटकेची योजना केव्हाच आखली होती, आणि नायकाच्या बोलण्याने ती उधळली गेली.